आभाळातून मातीवर एक थाप

मडकं कच्चं आहे की पक्कं, हे कुंभार कानांनी ठरवतो. बोटाच्या पेरानं टिचकी मारली की पक्कं मडकं खणकन बोलतं, कच्चं बद्द आवाज देतं. तेरच्या गोरोबाकाकांनी हीच परीक्षा संतांच्या डोक्यांवर घेतली, ही गोष्ट मराठी घरांत नव्यानं सांगावी लागत नाही. मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं, काका थापटणं घेऊन उठले, एकेका मस्तकावर थाप देत गेले, आणि नामदेवांपाशी येऊन म्हणाले की हे मडकं अजून कच्चं आहे. तेरणेकाठी त्यांच्या समाधीमंदिरात उभं राहिलं की मला या गोष्टीतला अध्यात्माचा भाग आठवण्याआधी कारागिराचा भाग आठवतो. वस्तू फोडायची नाही, उकरायची नाही. एक थाप द्यायची आणि परत येणाऱ्या आवाजावरून आतली गोष्ट ओळखायची.

आज नेमकी हीच गोष्ट सुमारे 747 किलोमीटर उंचीवरून चालू आहे, आणि परीक्षा मातीचीच आहे. भारताची इस्रो आणि अमेरिकेची नासा यांनी मिळून बनवलेला निसार उपग्रह 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही रॉकेटनं निघाला. कक्षेत गेल्यावर त्यानं 12 मीटर व्यासाची जाळीची छत्री उघडली. या छत्रीतून तो दोन प्रकारच्या रेडिओलहरी जमिनीकडे सोडतो. एक सुमारे 24 सेंटिमीटर लांबीची, तिचं यंत्र नासाच्या प्रयोगशाळेनं बनवलं. दुसरी 9 सेंटिमीटरच्या आसपासची, तिचं यंत्र अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरनं घडवलं. लहर खाली जाते, मातीवर आदळते, तिचा थोडासा अंश परत वर येतो. थाप आणि तिचा आवाज यांत पाच-सहा सहस्रांश सेकंद जातात. दर 12 दिवसांनी उपग्रह त्याच वाटेवर परत येतो. सायबेरियाचा गोठलेला टापू असो, लडाखचं पठार असो की तेरचं काळं रान असो, प्रत्येकाला त्याची थाप बसते.

आता तो ऐकतो काय? एका शब्दात सांगायचं तर पाणी. पण पाणी आहे की नाही एवढंच नाही. ते मोकळं आहे की जखडलेलं आहे, हे त्याला ऐकू येतं. सगळी गंमत या मोकळेपणात आहे.

पाण्याच्या रेणूचं एक टोक थोडं धन आणि दुसरं थोडं ऋण असतं. रेडिओलहर म्हणजे विजेचा झोका, एकदा या दिशेनं, एकदा त्या दिशेनं. हा झोका अंगावरून गेला की पाण्याचा रेणू त्याच्याबरोबर मान वळवतो. निसारची लांब लहर सेकंदाला 125 कोटींहून अधिक वेळा दिशा बदलते, आणि द्रव पाण्याचा रेणू तिच्या प्रत्येक हेलकाव्याला साथ देतो. विजेच्या झोक्याला असा प्रतिसाद देण्याचा प्रत्येक पदार्थाचा एक आकडा असतो. साध्या पाण्याचा हा आकडा 80 च्या घरात आहे. कोरड्या मातीचा तीन ते पाच. आणि बर्फाचा जेमतेम तीन.

या तीन आकड्यांपाशी थोडं थांबायला हवं. पाणी आणि बर्फ हा एकच पदार्थ, रेणू तेच, फरक शून्य अंशाच्या या बाजूचा आणि त्या बाजूचा. तरीही आकडा 80 वरून तीनवर कोसळतो, कारण बर्फात प्रत्येक रेणूला चार शेजाऱ्यांनी चहूबाजूंनी धरून ठेवलेलं असतं. त्याला मान वळवायला सेकंदाला काही हजार वेळांपेक्षा जास्त जमत नाही, आणि लहर मागते कोट्यवधी वेळा. म्हणून तो गप्प बसतो. याची साक्ष घरच्या मायक्रोवेव्हमध्येही मिळते. वाटीभर पाणी बघता बघता उकळतं, पण तितकाच बर्फ आधी बराच वेळ हट्टानं तसाच राहतो, आणि एकदा कडेनं थोडं पाणी सुटलं की मग भराभर विरघळतो.

ओल्या मातीचा आकडा मोठा, म्हणून ती लहर जोरात परतवते. उपग्रहाच्या चित्रात ती उजळ दिसते. तीच माती गोठली की तिच्यातलं पाणी मुकं होतं, प्रतिध्वनी मंदावतो, चित्र काळवंडतं. कुंभाराच्या थापेशी तुलना केली तर इथं उलटा न्याय आहे. कच्ची, ओली माती इथं खणखणीत बोलते आणि घट्ट झालेली माती बद्द आवाज देते.

यातून एक गोष्ट निघते, ती पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी थक्क झालो. बर्फाचा आकडा तीन, कोरड्या मातीचाही तीन ते पाच. म्हणजे मे महिन्यात तेरच्या शिवारातलं भेगाळलेलं रान आणि जानेवारीत सायबेरियातल्या याकुत्स्कजवळचं दगडासारखं गोठलेलं रान, या दोघांचा आवाज रडारच्या कानाला जवळपास सारखा येतो. एकीकडे पारा 42 च्या वर, दुसरीकडे उणे 40 च्या आसपास. पण वरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे एकच बातमी मिळते, की इथं मान वळवणारं पाणी नाही. आपल्याकडची माती काही गोठत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या कडाक्याच्या पहाटे पानांवरचं दव गोठतं, तेवढंच आपलं हिमाशी नातं. तरीही मराठवाड्याचा उन्हाळा आणि सायबेरियाचा हिवाळा या दोघांची गाठ 24 सेंटिमीटरच्या एका लहरीत पडते.

मग गोठलेलं कोणतं आणि वाळलेलं कोणतं, हे शास्त्रज्ञ ओळखतात कसं? त्या जागेचा इतिहास पाहून. प्रत्येक तुकड्याचा भर हिवाळ्यातला आवाज आणि उन्हाळ्यातला आवाज आधी नोंदवून ठेवतात. आजचा आवाज त्या दोहोंच्या मध्ये कुठं पडतो, यावर ठरतं की माती गोठली की सुटली. एका ठिकाणचा आवाज दुसऱ्या ठिकाणी लावून चालत नाही. अनुभवी कुंभारही दुसऱ्या गावच्या मातीचं मडकं लगेच पारखणार नाही, आधी त्या मातीची सवय करून घेईल.

थाप न देता नुसतं कान लावून ऐकण्याचीही एक रीत आहे. प्रत्येक वस्तू स्वतःहून अतिशय क्षीण रेडिओलहरी सोडत असते, मातीसुद्धा. जी माती बाहेरून आलेली लहर जास्त परतवते, ती स्वतः कमी बोलते. म्हणून ओली माती या कानाला गार भासते, आणि कोरडी किंवा गोठलेली माती ऊबदार. नासाचा स्मॅप उपग्रह 31 जानेवारी 2015 रोजी गेला तो थाप आणि कान दोन्ही घेऊन. मातीचं गोठणं-सुटणं बारकाईनं टिपायचं काम मुख्यतः त्याच्या रडारकडे होतं. ते रडार जुलै 2015 मध्ये बंद पडलं, काही केल्या परत चालू झालं नाही. उरला नुसता कान. त्याच्या चित्रातला एक ठिपका सुमारे 36 किलोमीटरचा, म्हणजे तेर, ढोकी आणि धाराशिव शहर एकाच ठिपक्यात गडप. तरीही त्या कानानं वर्षानुवर्षं पृथ्वीभरची ओल ऐकली, उत्तरेची जमीन कधी गोठते आणि कधी सुटते तेही सांगितलं.

हा कान ज्या पट्ट्यात ऐकतो तो 1400 ते 1427 मेगाहर्ट्झचा. जगभरच्या सरकारांनी ठरवून हा पट्टा मोकळा ठेवला आहे, तिथं कोणी काही प्रक्षेपित करायचं नाही. कारण अवकाशातला हायड्रोजन वायू याच पट्ट्यात, 21 सेंटिमीटर लांबीच्या लहरीवर, आपली खूण सोडतो. नारायणगावजवळ खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या ध्यासातून उभी राहिलेली जीएमआरटी दुर्बीण, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना घेऊन हायड्रोजनची हीच कुजबुज ऐकते. जुन्नर तालुक्यातून आभाळाकडे लावलेला कान आणि आभाळातून मातीकडे लावलेला कान, दोघांना एकच शांतता लागते. आकाशगंगांच्या अभ्यासासाठी राखलेल्या शांततेत आपल्या शेताची ओल ऐकू यावी, याचा मला मनापासून आनंद होतो.

गोठलेल्या मातीची एवढी खबर कशाला ठेवायची? सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्य अंशाखाली राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उत्तर गोलार्धाच्या जमिनीचा मोठा भाग असा आहे. हिमालयात आणि लडाखच्या उंच टापूतही तो आहे. हजारो वर्षांचा पालापाचोळा, मुळं, शेवाळ त्यात न कुजता साठून राहिलं आहे. या भागांतल्या मातीत सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन असावा असा अंदाज आहे, आजच्या हवेत आहे त्याच्या दुपटीच्या जवळ. माती सुटली की जिवाणू जागे होतात, कुजणं सुरू होतं, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन बाहेर पडतात. दुसऱ्या बाजूनं, उत्तरेच्या अफाट सूचिपर्णी जंगलांत झाडांना श्वास घ्यायला सुरुवात होते तीही पाणी सुटल्यावरच. म्हणजे वसंतातला तो एक आठवडा, ज्यात चित्रातला ठिपका काळ्याचा उजळ होतो, संपूर्ण पृथ्वीच्या हवेचा हिशेब बदलून टाकतो. उपग्रहांकडे या गोठण्या-सुटण्याच्या नोंदी 1979 पासूनच्या आहेत, आणि त्या नोंदींत उत्तरेचा न गोठलेला काळ वाढत गेलेला दिसतो.

पण मला परत तेरच्या मातीकडे यायचं आहे, कारण तिच्यात बर्फाचा एक सख्खा भाऊ लपलेला आहे.

आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती अतिसूक्ष्म पापुद्र्यांची असते, एकावर एक रचलेल्या पत्रावळींसारखी. पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि पापुद्रे त्याला घट्ट धरून ठेवतात. अगदी चिकटून बसलेल्या पाण्याच्या थराला मान वळवायची मोकळीक राहत नाही. ते द्रव आहे, गोठलेलं नाही, पण रडारला ते जवळपास बर्फासारखं वागताना दिसतं. आणि रडारला जे पाणी मुकं वाटतं, ते पिकाच्या मुळांनाही ओढून घेता येत नाही. वाळूत जेवढ्या पाण्यावर रोप टवटवीत राहील, तेवढंच पाणी असूनही काळ्या मातीत ते माना टाकतं. उलट सायबेरियात, माती शून्याखाली काही अंश गेली तरी चिकणकणांना बिलगलेला पाण्याचा एक पातळ पापुद्रा गोठतच नाही. तिथं गोठण्यातूनही थोडं पाणी निसटतं, इथं द्रव असूनही थोडं पाणी जखडून राहतं. दोन्ही ठिकाणी मातीच्या कणाची पकड हीच मुख्य गोष्ट आहे.

आपल्या शेतकऱ्याकडे याला शब्द आहेत आणि ते शास्त्राच्या शब्दांहून नेमके आहेत. नुसतं पाणी पडलं म्हणजे ओल झाली नाही. वरून उतरलेली ओल खालच्या ओलीला जाऊन भेटली पाहिजे. ओलीला ओल मिळाली का, हा पहिला प्रश्न. आणि पाऊस उघडल्यावर दुसरा प्रश्न, वापसा आला का. वापसा म्हणजे रान चिखलही नाही आणि कोरडंही नाही, पाऊल टाकलं तर माती तळव्याला लोंबत नाही, तिफण चालते, बी टाकलं तर कुजत नाही आणि करपतही नाही. मूठभर माती घेऊन दाबायची, गोळा होतो का बघायचं, मग बोटानं ढोसून तो मोकळा सुटतो का बघायचं. मातीत पाणी हवं, हवाही हवी, आणि पाण्याला थोडी मोकळीक हवी. वापसा या एका शब्दात मृदाशास्त्राच्या पुस्तकाचं एक प्रकरण मावतं.

निसारकडून मातीच्या ओलीचे नकाशे सुमारे 200 मीटरच्या तुकड्यांत मिळावेत अशी योजना आहे. स्मॅपच्या 36 किलोमीटरच्या ठिपक्यावरून हे अंतर म्हणजे मोठीच झेप आहे. या नकाशांमागच्या मूळ चित्रांसाठी एरवी इतक्या उंचीवरून लांब लहरीनं 10 मीटरचा तपशील टिपायचा तर सुमारे 19 किलोमीटर लांबीची अँटेना लागली असती, म्हणजे एक टोक तेरला आणि दुसरं धाराशिव शहरात. उपग्रह ते पळत पळत साधतो. सेकंदाला साडेसात किलोमीटर धावताना घेतलेले असंख्य प्रतिध्वनी नंतर गणितानं एकत्र गुंफले की ती लांबलचक अँटेना जणू खरोखर होती असं चित्र उभं राहतं. लांब लहर ढगांतून आरपार येते. आपल्याला ओलीची सर्वांत जास्त काळजी असते त्या जून ते सप्टेंबरमध्ये साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहांना मराठवाड्यावर ढगच ढग दिसतात, त्यामुळे या गोष्टीचं मोल मोठं आहे. सोयाबीनच्या पानांमधूनही ती बरीचशी खाली उतरते.

मात्र ती पोचते मातीच्या वरच्या चार-पाच सेंटिमीटरपर्यंत, ओल्या काळ्या मातीत तर त्याहून कमीच. रब्बीची ज्वारी उभी राहते ती हात-दीड हात खालच्या ओलीवर. तिथवरचा अंदाज वरच्या थरावरून, पावसावरून आणि मातीच्या स्वभावावरून बांधावा लागतो. म्हणून खुरप्यानं खड्डा करून बघणाऱ्याचं काम संपत नाही.

1981 च्या नोव्हेंबरात कोलंबिया अवकाशयानातून सहारा वाळवंटावर अशीच लांब लहर सोडली होती, तेव्हा कोरड्याठाक वाळूतून ती काही मीटर खाली गेली आणि वाळूखाली गाडलेल्या प्राचीन नद्यांची पात्रं चित्रात उमटली. ते वाचून मला लगेच तेरचा मोह झाला. इथं पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांखाली तगर नावाचं नगर झोपलेलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासपुस्तिकेत पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेलं मोठं शहर म्हणून त्याचा उल्लेख येतो, तिथून कापड भडोचच्या बंदराकडे जाई. इथल्या उत्खननांत मिळालेल्या वस्तू गावातल्या लामतुरे संग्रहालयात पाहता येतात, त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहून पॉम्पेईत सापडलेल्या भारतीय मूर्तीची आठवण अभ्यासकांना होते. पण सहाराची वाळू वेगळी आणि आपली माती वेगळी. चिकणमाती आणि ओल मिळून लहरीला वरच्या वरच अडवतात. तगर अजून तरी कुदळीला आणि ब्रशलाच दिसेल.

गोठणारी माती आणि काळी माती यांचं आणखी एक नातं मला विलक्षण वाटतं. दोघी श्वास घेतात. पाणी गोठताना फुगतं, म्हणून उत्तरेची जमीन हिवाळ्यात वर उचलली जाते आणि उन्हाळ्यात खाली बसते. याकुत्स्कला इमारती खांबांवर उभ्या करतात, घराची ऊब खालच्या बर्फापर्यंत पोचू नये म्हणून. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा पाडते. म्हणून आपले गवंडी पायातली काळी माती काढून मुरूम भरतात, आणि बहुधा म्हणूनच आपल्या जुन्या माणसांनी शेतीला काळी आणि वस्तीला पांढरी असा भेद केला. एकाच जागेच्या दोन वेळच्या प्रतिध्वनींची तुलना केली तर जमीन किती वर-खाली झाली हे उपग्रहाला सेंटिमीटरपर्यंत, कधी त्याहूनही बारीक कळतं. याच तेरणेच्या खोऱ्यात 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरची जमीन हादरली. भारतात बनलेला पहिला रडार उपग्रह, रिसॅट-1, कक्षेत जायला त्यानंतर 2012 साल उजाडावं लागलं. आता जमिनीच्या अशा बारीक हालचालींची वही दर 12 दिवसांनी लिहिली जाते.

निसारची कक्षा अशी आहे की तो पृथ्वीवर सगळीकडे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला जातो. मेच्या अखेरीस तो उत्तर सायबेरियावरून जाईल तेव्हा तिथं पाणी सुटू लागलेलं असेल, ठिपके उजळत असतील. त्याच आठवड्यात तेरवरचे ठिपके वर्षातले सर्वांत काळे असतील, रान भेगाळलेलं, ढेकळं पांढुरकी पडलेली. मग मृग निघेल. एखाद्या रात्री तेरणेच्या दोन्ही काठांवर धो धो पाऊस होईल, भेगांतून पाणी खाली पळेल, पापुद्रे फुगतील, भेगा मिटतील. पहाटे सहाला कोणी बांधावर उकिडवं बसून मूठभर माती दाबून बघत असेल. आणि बारा दिवसांपूर्वी बद्द आवाज देणारं ते रान, वरून पडलेल्या थापेला खणखणीत उत्तर देईल.